शिष्यवृत्तीचा हिशेब : बाबासाहेबांच्या विद्यार्थीदशेपासून आजच्या हिंगोलीपर्यंत

आपल्या घराघरात बाबासाहेबांचा फोटो आहे आणि बहुतेक फोटोंखाली त्यांच्या पदव्यांची यादी छापलेली आहे. एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., बॅरिस्टर ॲट लॉ. ही यादी आपली मुले लहानपणीच तोंडपाठ करतात आणि जयंतीच्या व्यासपीठावरून वक्ते ती अभिमानाने वाचून दाखवतात. अभिमान बाळगायलाच हवा. परंतु या पदव्यांसाठी लागलेला पैसा कोणी दिला, कोणत्या अटीवर दिला, तो मध्येच संपला तेव्हा काय झाले, आणि ज्याने हे सारे स्वतः भोगले त्या माणसाने सत्तेच्या जागेवर गेल्यावर पहिल्याच वर्षात कोणती मागणी केली, हे प्रश्न आपण फारसे विचारत नाही. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत या तालुक्यांतून बारावी होऊन हिंगोलीला, नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी आज नेमके हेच प्रश्न महत्त्वाचे आहेत. म्हणून बाबासाहेबांचे चरित्र या लेखात शिष्यवृत्तीच्या बाजूने सांगायचे आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करातील शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर तुटपुंज्या पेन्शनवर मोठे कुटुंब चालवताना त्यांनी मुलाच्या शिक्षणाला हात आखडता घेतला नाही. मुलाला पुस्तक हवे म्हणून ते आपल्या मुलींकडून दागिना मागून आणत आणि गहाण ठेवत. १९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक होणे ही तेव्हा मोठीच घटना होती, म्हणून सत्काराची सभा झाली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. धम्माच्या अंगाने या भेटीचे महत्त्व आपण सारे जाणतो. पण केळुसकर गुरुजींचा दुसरा उपकार तितकाच मोठा आहे. इंटरपर्यंतचे शिक्षण कसेबसे झाले आणि रामजीबाबांची ऐपत संपली, तेव्हा गुरुजी या तरुणाला घेऊन बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे गेले. महाराजांनी मुलाला काही प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक मुल्लर यांनी पुस्तके दिली, कपडे दिले. अशा रीतीने भीमराव बी.ए. झाले.

येथे थोडे थांबून विचार करा. केळुसकर गुरुजी भेटले नसते तर? महाराज त्या दिवशी मुंबईत नसते तर? या देशाच्या घटनेच्या शिल्पकाराचे शिक्षण इंटरवरच थांबले असते. त्या काळी अस्पृश्यांच्या घरात असे किती हुशार विद्यार्थी जन्मले आणि कोणी गुरुजी न भेटल्यामुळे गिरणीच्या खात्यात किंवा पाटलाच्या शेतात संपले, याची नोंद कोणत्याच इतिहासात नाही.

बी.ए. झाल्यावर १९१३ च्या जानेवारीत ते बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबांचे निधन झाले. घरचा आधार गेला. त्याच सुमारास सयाजीराव महाराज काही विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवण्याचा विचार करीत होते. भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी बडोद्यात करारावर सह्या झाल्या. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची आणि अट अशी की शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची. हा करार नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या अनेक घटनांचे मूळ त्यात आहे.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या साडेअकरा पौंडांत राहणे, जेवण आणि पुस्तके भागवायची आणि त्यातूनच मुंबईला रमाईंकडे घरखर्चालाही पाठवायचे होते. एकदा जेवायचे, कॉफीवर वेळ मारून न्यायची आणि वाचलेल्या पैशात जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ग्रंथ विकत घ्यायचे, असा त्यांचा क्रम होता. सुमारे दोन हजार ग्रंथ त्यांनी असे पोटाला चिमटा घेऊन जमवले. वसतिगृहात त्यांना नवल भथेना नावाचे पारशी मित्र भेटले. ही मैत्री पुढे वेळोवेळी कामी आली. १९१५ साली एम.ए. झाले, १९१६ साली पीएच.डी.चा प्रबंध सादर झाला. पण कोलंबियाच्या नियमाप्रमाणे प्रबंध छापून त्याच्या प्रती द्याव्या लागत आणि छपाईला पैसा लागे. तो ग्रंथ प्रसिद्ध झाला १९२५ साली आणि पदवी रीतसर हाती पडली १९२७ साली. हा ग्रंथ बाबासाहेबांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला. मदत करणाऱ्याची आठवण त्यांनी आयुष्यभर ठेवली.

तीन वर्षांची मुदत संपत आली तेव्हा त्यांनी मुदतवाढ मागितली. एक वर्ष मिळाले. १९१६ साली ते लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. वर्ष संपले. बडोद्याच्या दिवाणांकडून परत येण्याचा निरोप आला. अभ्यास अर्ध्यावर होता, बुद्धी कमी पडली नव्हती, परीक्षेत अपयश आले नव्हते. केवळ शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून जगातल्या एका नामवंत संस्थेतला विद्यार्थी शिक्षण सोडून बोटीत बसला. जाण्यापूर्वी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. पहिले महायुद्ध सुरू होते. सामान वेगळ्या बोटीने येत होते आणि ती बोट पाणतीराने बुडाली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेले ग्रंथ समुद्रात गेले. नुकसानभरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये मिळाले आणि त्याच पैशातून बडोद्याला जाण्याची सोय झाली.

सप्टेंबर १९१७ मध्ये करारातील अट पाळण्यासाठी बाबासाहेब बडोद्याला गेले. पुढे काय घडले ते आपल्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. कचेरीत शिपाई लांबून फायली फेकत. राहायला जागा कोणी देईना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत उतरावे लागले आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. कोलंबियाचा हा विद्वान एका झाडाखाली बसून रडला. अकरा दिवसांत त्यांनी बडोदा सोडले.

या प्रसंगाकडे आपण अस्पृश्यतेचा प्रसंग म्हणून पाहतो. वकील म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. शिष्यवृत्ती देताना संस्थानने दहा वर्षांच्या नोकरीची अट घातली, पण त्या नोकरीच्या गावात माणूस म्हणून राहता येईल याची हमी कोणीच दिली नाही. अट पाळणे अशक्य केले कोणी? बडोद्यातल्या सनातन्यांनी. आणि अट मोडल्याचा बोजा पडला कोणावर? विद्यार्थ्यावर! बडोदा सरकारकडून शिष्यवृत्तीच्या रकमेच्या वसुलीचा तगादा पुढे कित्येक वर्षे बाबासाहेबांच्या मागे होता. महाराजांचे मन मोठे होते, यात शंका नाही. परंतु कारभार महाराजांच्या मनाने चालत नाही, कागदाने चालतो. दात्याच्या मर्जीवर आणि कराराच्या अटींवर उभी असलेली मदत शेवटी कर्ज होऊन उरावर बसते, हे बाबासाहेबांनी विद्यार्थी म्हणूनच अनुभवले.

मुंबईला परतल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या, मिळेल ते काम केले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली, पगार दरमहा ४५० रुपये. एवढ्या पगारात चैन करता आली असती. पण परळच्या चाळीतले घर तेच राहिले, रमाईंच्या हाती मोजका घरखर्च आणि उरलेला पैसा लंडनसाठी. चार वर्षांची मुदत डोळ्यांसमोर होती. १९२० च्या मार्चमध्ये त्यांनी नोकरी सोडली. राजर्षी शाहू महाराजांनी दीड हजार रुपयांची मदत केली, नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले आणि जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. या वेळी कोणत्याही सरकारची शिष्यवृत्ती नव्हती. होती ती स्वतःची बचत, एका राजाचे प्रेम आणि एका मित्राचे कर्ज.

लंडनमधले त्यांचे दिवस म्हणजे उपासमारीचेच दिवस. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, रात्री पापड भाजून भूक भागवायची. बसचे भाडे वाचवण्यासाठी पायपीट. १९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर. डी.एस्सी.चा प्रबंध होता रुपयाच्या प्रश्नावर. परीक्षकांनी त्यात दुरुस्त्या सुचवल्या, पण त्या पूर्ण होईपर्यंत लंडनमध्ये राहायला पैसे उरले नव्हते. रुपयावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला रुपयाअभावीच लंडन सोडावे लागले! एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला आले, येथे बसून प्रबंध दुरुस्त केला, तो पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. बॅरिस्टर होऊन आलेल्या या माणसाकडे वकिलीची सनद घ्यायलाही पैसे नव्हते. तेही नवल भथेना यांनीच दिले.

म्हणजे एकूण हिशेब असा : इंटरनंतर, १९१७ साली आणि १९२३ साली, अशा तीन वेळा जगातल्या एका श्रेष्ठ बुद्धिमंताचे शिक्षण पैशापायी अडले. तिन्ही वेळा कोणीतरी भला माणूस भेटला किंवा मित्र धावून आला म्हणून ते पुढे सरकले. दुसऱ्या कोणी यातून आपल्या मोठेपणाची कहाणी तयार केली असती. बाबासाहेबांनी त्यातून धोरण तयार केले.

त्याची सुरुवात लगेच झाली. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीचा विचार करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते आणि शिष्यवृत्त्या व वसतिगृहे वाढवण्याचा आग्रह त्या समितीच्या अहवालात आहे.

खरा टप्पा आला १९४२ साली. जुलै महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. चारच महिन्यांत, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यात राजकीय मागण्या होत्याच, पण शिक्षणाची मागणी ठळक होती. अलिगढ आणि बनारस विद्यापीठांना केंद्र सरकार दरवर्षी अनुदान देते, मग ज्यांचे विद्यापीठ नाही, ज्यांच्यात कोणी धनिक नाही, त्या समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारच्या तिजोरीतून पैसा का नको, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यातून दरवर्षी तीन लाख रुपये मंजूर झाले. काही विद्यार्थी परदेशात पाठवले गेले आणि १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ज्याला आपली मुले आजही भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणतात, तीच ही योजना. १९४८ पासून ती आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू झाली. बाबासाहेबांनी मिळवलेला लाभ एका जातीपुरता राहिला नाही.

या योजनेत आणि साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीत फरक काय? फरक मूलभूत आहे. येथे महाराजांपुढे उभे राहावे लागत नाही, केळुसकर गुरुजी भेटावे लागत नाहीत आणि दहा वर्षांच्या नोकरीचे बंधपत्र लिहून द्यावे लागत नाही. जात, उत्पन्न आणि प्रवेश हे तीन निकष पुरे केले की विद्यार्थी पात्र ठरतो. बाबासाहेबांनी मदतीचे रूपांतर हक्कात केले. पुढे घटनेच्या ४६ व्या कलमात दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या, शैक्षणिक हिताची जबाबदारी राज्यावर टाकली गेली. मार्गदर्शक तत्त्व म्हणून हे कलम थेट न्यायालयातून बजावता येत नाही, हे खरे. परंतु सरकारने एकदा योजना केली, निकष ठरवले, की पात्र विद्यार्थ्याला मनमानीने डावलणे म्हणजे समतेच्या १४ व्या कलमाला बाधा आणणे होय.

आपल्या मराठवाड्याशी या कामाचा संबंध थेट आहे. हिंगोली हा १ मे १९९९ पासून स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी तो परभणी जिल्ह्याचा भाग होता आणि १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. येथल्या अस्पृश्याच्या मुलाला पदवीचे शिक्षण म्हणजे आकाशातला तारा. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि नोकरी करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांसाठी वर्ग सकाळी भरवले. १९५० साली संस्थेने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. नागसेनवनातल्या वसतिगृहांत राहून मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांची पहिली पिढी पदवीधर झाली. त्यांच्या हाती भारत सरकारची शिष्यवृत्ती होती आणि डोक्यावर बाबासाहेबांनी बांधलेले छप्पर होते. आज आपल्यात जे शिक्षक, वकील, डॉक्टर, अधिकारी दिसतात, त्यांच्यापैकी कित्येकांच्या घराचा पाया या दोन गोष्टींवर उभा आहे.

आता आजची स्थिती पाहा. २०१७ नंतर केंद्राचा वाटा आटला आणि राज्यांवर बोजा पडला. देशभर आरडाओरड झाल्यावर डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ६० टक्के आणि राज्याने ४० टक्के असा वाटा ठरवून पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची योजना मंजूर केली. उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा २०१३ साली ठरली आणि दहा वर्षांहून अधिक काळ तीच राहिली. महागाई वाढली, मजुरी वाढली, मर्यादा वाढली नाही. राज्य सरकारने जानेवारी २०१७ मध्ये शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी बाबासाहेबांच्या नावाने स्वाधार योजना आणली. त्यात जिल्ह्याच्या ठिकाणी राहून शिकणाऱ्यास वर्षाला ४३ हजार रुपये ठरले. परदेशी शिक्षणासाठी २००३ पासून राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. कागदावर पाहिले तर बरेच काही आहे.

पण हातात कधी पडते? वर्ष संपल्यावर! खोलीचे भाडे जुलैपासून द्यावे लागते, मेसवाला दर महिन्याला मागतो आणि शिष्यवृत्तीचा हप्ता परीक्षा होऊन गेल्यावर येतो. आधार बँक खात्याला जोडलेले नाही, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली, अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनवर पडून राहिला, अशी कारणे घेऊन मुले आमच्याकडे येतात. सोयाबीन काढणाऱ्या, हळद शिजवणाऱ्या मजुराच्या मुलाने सहा महिने कोणाच्या भरवशावर शहरात राहायचे? सावकाराच्या? २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिकवणी शुल्क आगाऊ न घेता प्रवेश द्यावा, असा तिचा अर्थ आहे. तरीही शुल्क भरल्याशिवाय प्रवेश नाही असे सांगून मुलांना परत पाठवले जाते आणि आईबापांना नियम माहीत नसल्याने ते गप्प बसतात.

वेळेवर न मिळालेली शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला पुन्हा १९१७ साली नेऊन उभी करते. त्याला पुन्हा एखादे महाराज, एखादे गुरुजी, एखादा नवल भथेना शोधावा लागतो. बाबासाहेबांनी ज्या अवस्थेतून आपल्याला बाहेर काढले, त्याच अवस्थेत दिरंगाई आपल्याला ढकलते. म्हणून दिरंगाई ही कारकुनी अडचण मानून सोडून देऊ नका, तो हक्काचा भंग आहे.

समाजबांधवांनो, सरकारला जाब विचारायचाच आहे. पण आपल्या हातातले कामही करायचे आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक मोठ्या बुद्धविहारात जून ते सप्टेंबर दर रविवारी शिष्यवृत्ती मदत केंद्र चालले पाहिजे. सुशिक्षित तरुणांनी अर्ज भरून द्यावेत, कागदपत्रे तपासावीत. अर्ज अडला तर लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारावे आणि तरीही दाद लागली नाही तर आम्ही वकील मंडळी आहोतच. जयंती मंडळांनी डीजेच्या खर्चातला निम्मा भाग बाजूला काढून गावातल्या मुलांसाठी परतफेडीचा निधी उभा करावा. हप्ता येईपर्यंत मुलाचे भाडे आणि मेस त्यातून भागेल आणि हप्ता आला की पैसे निधीत परत येतील. शिष्यवृत्तीवर शिकून नोकरीला लागलेल्यांनी महिन्याचे दोनशे-पाचशे रुपये या निधीत टाकले तर कोणावर उपकार होणार नाहीत, जुने देणे तेवढे फिटेल.

फोटोखालच्या पदव्यांची यादी पुढच्या १४ एप्रिलला पुन्हा वाचली जाईल. त्या दिवशी व्यासपीठावरून आणखी एक यादीही वाचा : आपल्या गावातली किती मुले-मुली महाविद्यालयात आहेत, किती जणांची शिष्यवृत्ती जमा झाली आणि किती जणांची अडली. जयभीम!